थेस्सालोनिकीतलं उलटं ताट

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी इंजिनिअर आहे. दार आपोआप वाजलं तर मी आधी बिजागरी बघते. तरी २००६ च्या मे महिन्यात जे पाहिलं, ते लिहून टाकते...

तेव्हा आम्ही जर्मनीत, नेकारसुल्मला राहायचो. सासूबाई जाऊन आठ महिने झाले होते, म्हणून समीरने, माझ्या नवऱ्याने, त्याच्या बाबांना पुण्याहून तीन महिन्यांसाठी आणलं होतं. पण बाबा जेवेचनात. मी रोज साग्रसंगीत ताट वाढायचे — डावीकडे लिंबू, कोशिंबीर, उजवीकडे भाजी — आणि ते दोन घास चिवडून "पोट भरलं गं" म्हणत उठायचे. त्यांच्या पँट्स सैल झाल्या. समीरला विचारलं, आई काय वेगळं करायच्या? तर म्हणे, "मला काय माहीत? ती वाढायची, मी जेवायचो." धन्य.

फायरटागची, म्हणजे सणाची, सुट्टी जोडून चार दिवस मिळाले, तेव्हा हवापालट म्हणून तिघं ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीला गेलो. मी तर त्या शहराच्या प्रेमातच पडले. बिल्डिंगांच्या मधोमध खोदून काढलेला रोमन काळातला चौक, आणि वर बाल्कन्यांमध्ये वाळत घातलेल्या चादरी. रस्ता विचारला की माणूस सोबत चालतच यायचा. सकाळी गरम बुगात्सा — बाहेरून खारीसारखी कुरकुरीत, आत गोड मऊ सारण — मी दोन खाल्ल्या. बाबांनी अर्धी.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या अवशेषांसमोरच्या छोट्या खानावळीत शिरलो. चालवणाऱ्या आजी तरुणपणी स्टुटगार्टला कामाला होत्या, त्यामुळे जर्मनमध्ये मनसोक्त गप्पा झाल्या. बाबा दोन्ही हात खिशात घालून खिडकीतून ते दगड बघत बसले होते. आमच्या ताटल्या आल्या, त्यात सगळं एकावर एक. मग बाबांची आली.

वरच्या कडेला चिमूटभर मीठ. उजवीकडे बिया काढलेली लिंबाची फोड, खाली दही-काकडी. डावीकडे टोमॅटोत शिजवलेले पांढरे बीन्स आणि पालेभाजी. अगदी आपलं ताट, फक्त आरशात बघितल्यासारखं. फिरवून ठेवलं असेल म्हणावं, तर मीठ खालच्या कडेला आलं असतं.

बाबांनी खिशातून हात काढले. मग डाव्या हाताने पाव मोडला आणि जेवायला लागले. ताटली पुसून खाल्ली.

"मी डावखुरा," ते म्हणाले. "तुझ्या सासूबाई मला असंच उलटं वाढायच्या. बियासुद्धा काढून. तुझ्यासमोर बरं दिसत नाही, म्हणून आपला उजव्याने..."

"अहो बाबा, सांगायचं ना मला."

"सुनेला काय सांगायचं असलं?"

मला रडूच आलं.  बाप महिनाभर उजव्या हाताने जेवतोय, हे समीरच्या लक्षातही आलं नव्हतं.

निघताना आजींना विचारलं, बाबांची ताटली अशी का लावलीत? त्यांनी खांदे उडवले. "मला काय माहीत, पोरी? हात तसाच गेला." मी बाकीची टेबलं बघून आले. कुणाच्याच ताटलीत मीठ नव्हतं.

मी पुष्कळ डोकं चालवलं, अजून चालवते. 

नेकारसुल्मला परतल्यावर त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा बाबांचं ताट उलटं वाढलं. ते बसले, ताटाकडे पाहिलं, आणि आल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी मागितलं.

"लिंबातल्या बिया राहिल्या गं."