नळीतलं कुंकू

खालापूरच्या आमच्या कारखान्यात प्लॅस्टिकचा कच्चा माल बनायचा आणि तो पास की नापास हे एक काचेची नळी ठरवायची. माल द्रावकात विरघळवायचा, नळीच्या केसाएवढ्या भोकातून खाली सोडायचा आणि दोन खुणांमधला वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा. जितका दाट, तितका उशीर. हे मोजणं माझं काम. मी सहा महिन्यांच्या बोलीवर होतो. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे प्रयोगशाळेच्या साहेबांच्या हातात. भिसेगावात आई रोज विचारायची, "कायम झालास का रं?"

साहेब विज्ञानाचे पदवीधर. तरी खंडेनवमीला प्रत्येक उपकरणाला ते स्वतः हळदकुंकू वाहायचे, नळीलासुद्धा. वाहोत बिचारे. मला मात्र अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुमच्यात आता हे नसतं ना? मग तुम्ही दाराबाहेर थांबा." पेढा बाहेर आणून दिला तोही वरून, हाताला हात लागणार नाही असा. पदवी कुठवर पोचली होती ते तेवढ्यात कळलं.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि सगळा माल नापास होऊ लागला. मी नुसता द्रावक सोडून पाहिला, तर त्यालाही नेहमीपेक्षा उशीर. म्हणजे दोष मालात नव्हता, नळीत होता. साहेब हसले. "नाचता येईना अंगण वाकडं! स्टॉपवॉचवर तुमचा अंगठाच झोपतो." आणि मला काढून टाकावं अशी चिठ्ठी मॅनेजरांकडे गेली.

माझं डोकं फिरलं. मॅनेजर चौकशीला आले, तेव्हा त्यांच्यासमोरच मी नळी उलटी धुतली आणि धुवण गाळणकागदावर ओतलं. पांढऱ्या कागदावर कुंकवाचे दोन कण राहिले. धुतलेल्या नळीतून द्रावक पुन्हा सोडला, तो पहिल्यासारखाच वेळेवर उतरला.

साहेब लालबुंद झाले. "यांनीच टाकलं असणार! यांना आमच्या पूजेचा राग आहे."

"साहेब, पूजेच्या वेळी मी दाराबाहेर होतो. तुम्हीच उभं केलं होतंत."

मॅनेजरांनी पूजेला हजर असलेल्या प्रयोगशाळेच्या शिपायाकडे पाहिलं. तो म्हणाला, "व्हय, ह्ये आत आलंच नाय. नळीला कुंकू सायबांनीच वाह्यलं." चिठ्ठी तिथेच फाटली.

घरी आईला सगळं सांगितलं. तिने पदराला हात पुसले.

"भाईर उभं राहून फायदा झालेला," ती म्हणाली, "आपल्या घरातला तू पयलाच रं."