पाण्याचा जार

डायलिसिसच्या पेशंटना श्रीरामपूरला फुकट नेणारी एका ट्रस्टची मिनीबस तो बिनपगारी चालवतो. आम्ही सातजण, आठवड्यातून दोनदा. तब्येत कशी आहे, हे तो कुणालाच विचारत नाही. “बसा, दार लावा,” एवढंच बोलतो.

आमच्यातलं कुणी गेलं की त्याच्या सीटवर तो पाण्याचा मोठा जार ठेवतो आणि पट्ट्यानं बांधतो. “मोकळी सीट बघून बाकीचे लई घाबरत्यात,” म्हणतो.

मागच्या खेपेला मी तापानं फणफणलो होतो, म्हणून आलो नव्हतो; फोनही बंद होता. आज बेलापूरच्या फाट्यावर हात केला तेव्हा बस थोडी पुढं जाऊन थांबली. चढलो तर माझ्या सीटवर जार.

त्यानं पट्टा सोडला.

“बरं हाय ना?” पहिल्यांदाच विचारलं.

जार मात्र मागं नेला नाही. माझ्या पायाशीच ठेवला.