कोब्यावरची टाच

तिच्या नवऱ्याला सगळे आरसेवाला म्हणायचे. आरसे विकायचा नाही तो. घराघरांत लाल कोबा घालायचा, आणि असा घालायचा म्हणे, की वाकून पाहिलं तर आपलं तोंड दिसावं. कोबा म्हणजे सिमेंटात लाल पूड कालवून ओढलेली अखंड जमीन, कुठे सांधा नाही की जोड नाही. आरसेवाला सकाळी माल पसरायचा, लाकडी रंध्याने सपाट करायचा, वरून गुरमाळा म्हणजे लोखंडी थापी फिरवायचा, आणि दुपारी हात धुऊन चहाला जायचा तो थेट संध्याकाळी उगवायचा. आरसा व्हायचा तो मधल्या वेळात, आणि तो करायची ती, त्याची बायको.

कोबा अर्धवट सुकला की एक वेळ येते. अंगठा दाबला तर हलका ठसा उठतो पण बोट ओलं होत नाही. ही वेळ तास-दीड तास टिकते. तेवढ्यात मुठीएवढा गुळगुळीत दगड घेऊन सगळी जमीन घोटायची. दोन फळ्या टाकायच्या, त्यांवर गोणपाट, त्यावर गुडघे, आणि समोरच्या भिंतीपासून मागे सरकत सरकत दारातून बाहेर पडायचं. मग उंबऱ्याशी मातीचं आळं करून आठवडाभर पाणी भरून ठेवायचं. पाणी काढलं की तेलाचा बोळा घेऊन पुन्हा गुडघ्यांवर. हे सगळं करून ती बादली घेऊन दारामागे उभी राहायची आणि आरसेवाला मालकाला सांगायचा, सगळं आपल्या हातचं आहे साहेब, दुसऱ्याचा हात लागू देत नाही मी. तिचं पित्त खवळायचं. पण बोलते कुणाला!

तीस वर्षांत त्याने तिचं नाव एकदाच घेतलं. एका वकिलाच्या घरी घोटून मागे सरकताना तिला भोवळ आली. पाचवा महिना होता. तोल गेला आणि टाच फळीवरून घसरून कोब्यात रुतली, अगदी दाराशी. तिने दगडाने पुसायचा प्रयत्न केला, पण तोवर वेळ निघून गेली होती. आठवड्याने पाणी काढलं तेव्हा वकिलाने अर्ध्या भाकरीएवढ्या त्या खळग्यावर बोट ठेवलं. आरसेवाल्याने एक क्षणही लावला नाही.

"ते बायकोचं काम आहे साहेब."

घरी येऊन चार दिवस तिच्याशी बोलला नाही, जणू तिने कुणाचं घर जाळलं होतं. तिला टाच रुतल्याचं दुःख नव्हतं. एवढ्या घरांतून आपण गुडघे झिजवले, आणि आपलं म्हणून जगाला दाखवलं ते काय, तर तो खळगा. हे तिच्या मनात जे बसलं ते बसलंच.

पुढे टाइल्स आल्या आणि कोब्याचे दिवस भरले. आरसेवाला दारूत नाही पण तोंडाच्या वाफेत संपला. टाइल्सना शिव्या घालता घालता एक दिवस गेला. मुलाचं लग्न झालं, आणि त्याने घरातला कोबा झाकून वर पांढऱ्याशुभ्र टाइल्स बसवल्या. सुनेला त्या फार आवडायच्या. सून वाईट नव्हती. तिचं एवढंच म्हणणं, की आईंनी जन्मभर बाबांच्या हाताखाली बादल्या उचलल्या, आता स्वस्थ बसावं. हाताखाली! म्हातारी हे ऐकायची आणि आतल्या आत धुमसायची.

अशात एक आर्किटेक्ट बाई घर शोधत आली. आरसेवाल्याचं नाव कुठूनसं ऐकून आली होती. तो गेल्याचं कळल्यावर ती हळहळून उठायला लागली, तेव्हा म्हातारी म्हणाली की बसा, घोटायची मीच. बाईने तिच्याकडे पाहिलं, मग हातांकडे पाहिलं, आणि बसली.

बाई जुन्यात नवं मिसळून घरं करायची. सध्या एका मालकासाठी बांधत असलेलं घर म्हणजे तिचा जीव की प्राण. मध्ये चौक, पण त्यावर काचेचं छप्पर आणि रिमोटवर सरकणारे पडदे. पाडलेल्या घरांतून आणलेले लाकडी खांब, त्यांच्या पोटातून विजेच्या तारा नेलेल्या. जातं उलटं घालून त्यावर हात धुवायचं भांडं. थंड हवेचं यंत्र कोरीव जाळीमागे लपवलेलं, कारण ते दिसलं की म्हणे घराचा मूड जातो. म्हातारीला जात्याचं हसू आलं. आयुष्यभर ज्याने हात सोलून काढले त्यावर आता लोक हात धुणार. पण जागा तिला आवडली. उजेड चांगला होता, आणि चांगल्या उजेडात कोबा खुलतो.

तिने एकच अट घातली. पाहुणे घर बघायला येतील त्या दिवशी, सगळ्यांसमोर, हा कोबा कुणी केला ते सांगायचं. बाई म्हणाली, सांगणार म्हणजे काय, मावशी, तुम्हालाच उभं करणार.

माल गवंड्याने पसरला. म्हातारीने त्याला दोनदा परत कालवायला लावला, पूड कमी पडली म्हणून एकदा आणि तो उगाच शिट्टी वाजवत होता म्हणून एकदा. मग वेळ आली. सहासष्टाव्या वर्षी ती फळीवर उतरली, आणि गुडघ्यांनी अशी काही बोंब ठोकली की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण हात विसरले नव्हते. अर्धी जमीन झाली तेव्हा बाई दारात येऊन म्हणाली की मावशी, अगदी गुळगुळीत नको, थोड्या खुणा राहू द्या, हाताचं काम वाटलं पाहिजे. म्हातारीला वाटलं, पोरीला आपल्या गुडघ्यांची दया आली. हातचं राखून काम उरका, असं तिला आडून सांगायचंय. आता जिने एका टाचेपायी चार दिवस अबोला सोसला, तिने खुणा राहू द्या याचा दुसरा अर्थ कसा लावावा? तिने मान हलवली आणि दुप्पट जोराने घोटलं.

आठवडाभर ती दोन बस बदलून पाणी भरायला गेली. शेवटच्या दिवशी आळं फोडलं, जमीन पुसली, तेलाचा बोळा फिरवला, आणि वरच्या काचेतून चौकात उजेड आला तसं तिचं तोंड खाली उमटलं. सुरकुत्यांसकट. ती इतकी सुखावली की एकटीच मोठ्याने म्हणाली, "बघ मेल्या, कुणाच्या हातचं आहे."

पंधरा दिवसांनी पाहुण्यांचा दिवस ठरला. ती ठेवणीतलं नेसून, सुनेला बरोबर घेऊन गेली. सुनेने एकदा ती जमीन पाहावी, पुढचं तिचं तिला कळेल, असा तिचा हिशेब होता.

दारात पाऊल टाकलं आणि ती थिजली. जमीन लालच होती, पण मेली होती. सगळीकडे गोल गोल ओरखडे, मध्येच पांढुरके पट्टे, आणि खांबाजवळ कुणी चावा घेतल्यासारखे दोन-तीन टवके. सून पाहुण्यांच्या घोळक्याबरोबर स्वयंपाकघर बघायला पुढे गेली होती. आर्किटेक्ट बाई लगबगीने आली आणि अगदी आनंदाने सांगू लागली, की तुम्ही फारच सफाईदार केलंत मावशी, मालक म्हणाले हे तर टाइल्ससारखं दिसतंय, मग जमीन घासणारा यंत्रवाला बोलावून थोडं खरवडून घेतलं. आता कसं अस्सल वाटतंय ना?

म्हातारी वाकून एका ओरखड्यावरून बोट फिरवू लागली. तेवढ्यात टाळ्या वाजल्या, पाहुणे चौकात जमले, सूनही त्यांच्यात येऊन उभी राहिली, आणि बाईने म्हातारीला हाताला धरून मधोमध नेलं. बाई छान बोलली. ही जमीन कारखान्यातून आलेली नाही, म्हणाली. या मावशींनी गुडघ्यांवर बसून हाताने घोटली आहे. ही वळणं पाहा, हे टवके पाहा, प्रत्येक खुणेत त्यांचा हात आहे. लोक वाकून वाकून पाहू लागले. कुणी त्या टवक्यांचे फोटो काढले. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते चारचौघांत घडत होतं. सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते, आणि ती खाली बघत होती. तिथे तिचं तोंड दिसत नव्हतं.

"हे माझं काम नाही," ती म्हणाली.

मग बाई हसली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून लोकांना म्हणाली, बघा, किती निगर्वी असतात ही माणसं. पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा जोरात. म्हातारीने आणखी एकदा तेच सांगितलं, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

परतीच्या बसमध्ये सून शेजारी बसली. मग तिने सासूचा हात हातात घेतला. असं ती कधी करत नसे.

"आई, मनाला लावून घेऊ नका. वयाने होतं असं. बाबा होते तेव्हा गोष्ट वेगळी होती."

म्हातारीने तिला सगळं सांगितलं. दगड, तेल, उजेडात उमटलेलं तोंड, मग मालक, मग यंत्रवाला. सुनेने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर कुठे कुत्सितपणा नव्हता, उलट डोळे भरून आले होते तिचे.

"पण आई," ती हळूच म्हणाली, "चांगली जमीन कोण मुद्दाम खराब करून घेईल?"

त्यांचा थांबा आला आणि सुनेने तिला धरून खाली उतरवलं.