निगेटिव्ह रिपोर्टची खीर

माझ्या उजव्या डोळ्यापुढं धुकं आलं, पाय बधिर झाले. लातूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय केला आणि रक्त अँटिबॉडी तपासणीला पाठवलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. कोरोनापासून आमच्या चाकुरात निगेटिव्ह म्हणजे सुटका. त्यात पौर्णिमा होती. मला न विचारताच बाबांनी विहारात खीर वाटली. "पोरीला काय बी न्हाई," असं वाटीवाटीला सांगितलं. मला रागच आला, पण खीर मीही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, नसांवरचं आवरण खराब करणारा आजार. तो दाखवणारी रक्ततपासणी अजून निघालेलीच नाही. ही तपासणी त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या आजारांची होती. ते निघाले नाहीत. म्हणजे एमआरआयमध्ये मेंदूत दिसलेले डाग एमएसचेच. तो मुळापासून जात नाही."

"मग पोरीचं रक्त काढलंच कशाला?" बाबा कडाडले.

"त्यांतला एखादा आजार असता आणि एमएसचं औषध दिलं असतं, तर उलटलं असतं."

चाकूरला एसटीतून उतरलो, तर विहारातली एक आजी समोर आली. "खीर लई गोड झालती. बरी हाय न्हवं पोरगी?"

"हाव, बरी हाय," बाबा म्हणाले.

मी त्यांचा खांदा घट्ट धरून उभी होते. पायाखाली जमीन आहे, हे मला नुसतं दिसत होतं.