आईच्या मशीनवरची केशरी शेड

दोस्तहो, काल सुरतहून सुट्टीवर आर्णीले आलो अन् आज घरी तमाशा पाहिला.

आई ब्लाउज शिवते. तिच्या मशीनवरच्या दिव्याची पत्र्याची टोपी मोडली, तर आमच्या शिकलेल्या भाऊजीनं ऑनलाइन केशरी कापडाची शेड मागवली. म्हणे, "खोलीले लुक आला!" लुक! आई तिथं सेल्फी काढते का?

सकाळी एक बाई ब्लाउज परत घेऊन आली. "काकू, पांढऱ्या कापडाले पिवळसर धागा काहून लावला?"

आईनं अंगणात जाऊन ब्लाउज उन्हात धरला, तवा कुठं तिले धागा पिवळसर दिसला. केशरी उजेडात तिले दोन्ही रंग सारखेच दिसलते. तिचं काम आजपर्यंत कधी परत आलं नव्हतं.

भाऊजी म्हणते, "आई, तुमचा चष्म्याचा नंबर वाढला असन."

मी शेड काढून त्यायच्याच हातात देल्ली. "घ्या भाऊजी, तुमच्या घरी पाडा लुक." बाजारातून आतून पांढरी असलेली साधी पत्र्याची टोपी आणून लावली. आई तिच्याखाली ब्लाउज उसवून राह्यली.

आता सांगा, जिले त्या उजेडात सुई ओवाची, तिले कोणी विचारलं का? भाऊजीनं नाही. अन् त्यायनं मले मोबाइलवर शेडचा फोटो पाठवला, तवा सुरतेतून लाइकचा अंगठा मीच देल्ता.