वाटी रिकामी धाडायची नाही

आमच्या घरातल्या स्टीलच्या वाट्यांवर सासऱ्यांचं नाव कोरलेलं आहे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण गावात त्यांचं नाव अजून फिरतं ते या वाट्यांवरून. वाटी शेजारी गेली की धुऊन, तिच्यात काहीतरी घालूनच परत येते. मग ते शेंगदाणे असोत, नाहीतर दोन हिरव्या मिरच्या. रिकामी वाटी देणं आमच्याकडे बरं दिसत नाही. ही रीत इतर ठिकाणीही असेल, त्यात आमच्या गावाचं काही कौतुक नाही. पण माझे पाय वाचले ते या रीतीमुळे आणि ती माझ्यावर वापरणाऱ्या माझ्या सासूमुळे. आम्ही सगळे त्यांना माय म्हणतो.

आमचं गाव शहादा तालुक्यातलं, कळसाडीच्या बाजूचं. माझं माहेर नंदुरबारचं. वडील कचेरीत नोकरीला होते आणि त्यांना साखरेचा आजार होता. एकदा चपलेच्या पट्ट्याने अंगठ्याजवळ जखम झाली. ती त्यांना कळलीच नाही, कारण पायाला काही जाणवत नव्हतं. कळली तेव्हा उशीर झाला होता. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. नंतरही ते दाराशी चपलांचा जोड ठेवत. आई दोन्ही चपला पुसायची, एक वापरातली आणि एक नुसती. मी माहेरी गेले की त्या दुसऱ्या चपलेकडे बघायचं टाळायचे.

तर चार-पाच वर्षांपूर्वी माझ्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या आणि तपासणीत साखर निघाली, तेव्हा मला सगळ्यात आधी ती चप्पल आठवली. शहाद्याच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, "ताई, गोळ्या त्यांचं काम करतील. पण रोज चाला आणि पाय जपा. दोन्ही गोष्टी आयुष्यभर करायच्या आहेत." आयुष्यभर हा शब्द ऐकूनच मी थकले.

मी स्वभावाने उतावळी. करायचं तर एकदम. मुलीने पुण्याहून पांढरे बूट मागवून दिले आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे साडी खोचून मी निघाले. वाटलं, महिनाभरात डॉक्टरच थक्क होतील.

थक्क झालं ते गाव. आमच्याकडे बाई चालते ती कामाला. शेतात, दळणाला, नाहीतर देवाला. काही काम नसताना, हातात काही नसताना बाई रस्त्याने चालली की काहीतरी घडलंय असंच समजतात. टपरीवरची माणसं कप हातात धरून वळून बघायला लागली. एका बाईने अंगणातून विचारलं, "कथी चालनी वं? घरमा काही वाजनं का?" म्हणजे कुठे निघालीस, घरात भांडण झालं का. आणि सगळ्यात कहर म्हणजे मोटरसायकली. भाऊबंदकीतला जो तो गाडी थांबवायचा. "बसा वहिनी, सोडी देस." मी म्हणायचे, मला कुठे जायचंच नाही, चालायला निघाले आहे. त्यावर तो अशा काळजीने बघायचा की मी निमूट मागे बसायचे. चालायला गेलेली मी मोटरसायकलवरून घरी परतायची. आठवडा संपायच्या आत बुटांनी टाच सोलली आणि मला सबब मिळाली. बूट खोक्यात गेले. काही दिवसांनी त्या खोक्यात मायने लसूण भरला, बुटांसकट.

माय कमी बोलतात आणि बोलल्या तर टोचून बोलतात. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या तोंडून माझं कौतुक ऐकलेलं नाही. त्यामुळे एका सकाळी त्यांनी ताकाची वाटी माझ्या हातात दिली आणि गल्लीच्या टोकाच्या घरी दे म्हणाल्या, तेव्हा मला त्यात फक्त हुकूम दिसला. वाटी काठोकाठ भरलेली. एवढी कशाला भरली म्हटलं तर म्हणाल्या, "सांभायी जाय. खाले देखीसन चाल."

गल्लीचं टोक म्हणजे काही लांब नाही. मी जाऊन आले. वाटी तिथेच राहिली. संध्याकाळी मायने विचारलं, "वाटी उनी नई का?" आणि मला परत धाडलं. वाटीत त्या घरच्या शेवग्याच्या शेंगांचे तुकडे होते. दुसऱ्या दिवशी तीच वाटी ठेचा घेऊन गल्लीतल्या आणखी एका घरी.

असं सुरू झालं. कधी वाफवलेले फुनके, कधी डाळ, बहुतेक वेळा ताक. एक वाटी गेली की ती आणायला जायचं, आली की तिच्यातून आलेल्या वस्तूचं काही करून पुढच्या घरी. वाटी काही थांबायला तयार नाही. कंटाळून मी म्हणायचे, दूधवाला तिकडूनच येतो, त्याच्यासोबत पाठवा.

"तो सांडस," माय म्हणायच्या.

"मग फोन करते, त्यांच्याकडचं कोणीतरी आणून देईल."

"त्या भी सांडतस."

सगळ्या गावात न सांडणारी मी एकटीच, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. पण मी चिडण्यात गुंतलेली होते. मैत्रिणीला फोनवर सांगायचे, म्हातारीने माझा पोस्टमन केलाय.

हळूहळू घरं लांबची होत गेली. गल्ली संपली, मारुतीचा पार आला. पुढे नाल्यापलीकडची आळी. तिथे आमचं फारसं जाणं-येणंही नव्हतं, पण मायला अचानक तिथल्या बाईची कढी आठवायला लागली. आता मोटरसायकली थांबल्या की मी हातातली वाटी दाखवायचे. काठोकाठ ताक घेऊन गाडीवर बसता येत नाही. माणसं समजुतीने पुढे जायची. कथी चालनी विचारणाऱ्या बायकांनाही आता उत्तर होतं. शिवाय ताक सांडू नये म्हणून पाऊल बघून टाकावं लागे. दगड दिसे, काच दिसे. पायाला जे कळत नव्हतं, ते डोळे बघत होते.

नाल्यापर्यंत जाणं रोजचं झालं, तेव्हा एका सकाळी पायरीवर माझे पांढरे बूट ठेवलेले दिसले. आत लसणाची सालं. मी ते झटकले आणि घातले. कित्येक दिवस मी लसणाचा वास घेऊन चालले.

सगळं सरळ चाललं असं नाही. लग्नसराईत खंड पडला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गोड सांजोऱ्या मी दोन्ही हातांनी खाल्ल्या, लपून नाही, सगळ्यांसमोर. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असा होतो की बूट तिथेच राहतो आणि पाय वर येतो. कितीतरी दिवस मी घरात बसले. मनात म्हटलं, झालं, आपलं हे असंच. चिखल वाळल्यावर मला वाटलं, माय आता एकदम नाल्यापलीकडे पिटाळणार. पण त्यांनी वाटी दिली ती गल्लीच्या टोकाची, पहिल्या दिवसाचीच. ती मी सहज देऊन आले आणि मला बरं वाटलं. माझ्या हातात असतं तर मी एकदम लांब गेले असते, टाच सोलून घेतली असती आणि पुन्हा खोक्यात लसूण गेला असता.

मग थंडीत मळ्याची पाळी आली. नदीच्या रस्त्याला गुजर कुटुंबाचा केळीचा मळा आहे. तिथली काकी मायच्या वयाची, घरात गुजराती वळणाचं बोलणारी. तिच्याकडे वाटी घेऊन जाणं म्हणजे चांगली रपेट व्हायची. सुरुवातीला काकी वाटीत शिरा घालून द्यायची. घरी आल्यावर तो माय खायच्या, माझ्यासमोर, चाटूनपुसून. पुढे शिरा बंद झाला. मुगाची उसळ, मेथीची जुडी, असलं येऊ लागलं. बाकीच्या घरांतूनही गोड यायचं थांबलं होतं. मला वाटलं, गूळ महागला असेल.

एकदा मी मळ्यात गेले तर काकी बाहेर गेलेली. घरात तिची नवीन सून होती, लग्नाला जेमतेम काही महिने झालेले. फळीवरून आमची वाटी काढून देताना ती निरागसपणे म्हणाली, "काकू, आम्हनी गाडी सकायीच तुमना घरवरथून गयी. वाटी दी टाकतूत, पन सासूबाई नको म्हनन्यात. मोठी मायनी सांगेल शे म्हने, वाटी धाडानी नई, तुम्हीन लेवाले येतस. अनि तुम्हले गोड देवानं नई."

मी विचारलं, "हे तुमच्याकडेच सांगितलंय का?"

"नई वं काकू. सर्व गावले सांगेल शे."

वाटी घेऊन मी बाहेर पडले. आधी संताप आला. मी काय कुक्कुलं बाळ आहे? सगळ्या गावाला माहीत आणि मला एकटीला नाही. केळीची बाग संपेपर्यंत मी तणतणतच गेले. मग एकेक घर आठवायला लागलं. गल्लीच्या टोकाची बाई, जी भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध आहे. पाराजवळचं घर. नाल्यापलीकडची ती आळी, जिथे आमचा ना नातेसंबंध ना देणंघेणं. यांतल्या प्रत्येकीने आमची वाटी धुऊन, भरून, फळीवर झाकून ठेवली होती, मी चालत यावं म्हणून. येताजाता कोणीही ती आणून टाकली असती. कोणी टाकली नाही, आणि कोणी तोंडातून शब्दही काढला नाही. आमच्या गावात गुपित टिकत नाही, हे टिकलं. मी रस्त्यात उभी राहून रडले, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

मायला मी काही कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी वाटी मागून घेतली, एवढंच. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि ताक आणखी थोडं ओतलं.

डॉक्टर अजूनही दर तपासणीला तळपायावर दोरा टेकवून विचारतात, जाणवतं का. बहुतेक ठिकाणी जाणवतं. मुंग्या गेलेल्या नाहीत, पण वाढल्याही नाहीत. माझ्या दोन्ही चपला झिजतात. दाराशी तो झिजलेला जोड दिसला की मला आनंद होतो, आणि वडिलांसाठी वाईट वाटतं की त्यांना अशा वाट्या मिळाल्या नाहीत.

या हिवाळ्यात माय मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर डॉक्टर म्हणाले, वॉकर धरून रोज थोडं चालवा, नाहीतर अंथरूण सुटणार नाही. मायने भिंतीकडे तोंड केलं. "आते कथी जानं शे माले," एवढंच म्हणाल्या. माझ्या नवऱ्याने विनवलं, नातींनी फोनवरून समजावलं. वॉकर कोपऱ्यात, आणि त्यावर माझ्या नवऱ्याचा टॉवेल वाळत.

गावातून खिचडी, पेज येत होती. वाट्या रिकाम्या झाल्या की मी त्या धुऊन मायच्या खाटेसमोरच्या फळीवर मांडू लागले. परत पाठवल्या नाहीत. गल्लीच्या टोकाची, पाराजवळची, मळ्याची. रांग वाढत गेली. माय पडल्या पडल्या त्यांच्यावरची नावं बघायच्या. शेवटी त्यांना राहवेना.

"वाट्या काबरं पडेल शेतस? भरीसन दे ना."

"काय भरू? माले समजस नई. तुम्हीनच उठीसन सांगा."

दुसऱ्या सकाळी माय म्हणाल्या, "आन ते घोडं." मी वॉकर आणला. खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत आम्ही इतका वेळ घेतला की चुलीवरचं दूध उतू गेलं. त्यांनी डब्यातून मूठभर मूग काढून वाटीत टाकले आणि दमून पाटावर बसल्या. तेवढंच, त्या दिवशी. मग उंबऱ्यापर्यंत. मग ओट्यापर्यंत.

काल आम्ही गल्लीच्या टोकाला निघालो. त्यांचे दोन्ही हात वॉकरवर, वाटी माझ्या हातात, वाटीत सुके मूग. अर्ध्या वाटेत त्या थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मन्हीच वाटी माले फिराडी ऱ्हायनी तू. माले काय समजस नई का?"

मी म्हटलं, "मंग राहू द्या माय. दूधवाला जाई ऱ्हायना, त्याना हातमा दी टाकस."

त्यांनी वॉकर एक पाऊल पुढे टाकला.

"नको," त्या म्हणाल्या. "तो सांडस."