सीझन संपला की जाणार होते

भास्कर सर गेले.

आज पहाटे, हार्ट अटॅकने. मंदावहिनींनी स्वतः फोन करून सांगितलं. सकाळपासून ग्रुपवर सगळे विचारतायत, म्हणून लिहिते. बातमी खरी आहे.

नवीन जालन्यात आमचं मार्केट रिसर्चचं छोटं ऑफिस. काम बियाणे कंपन्यांचं. सर शेतकऱ्यांशी बोलायचे, मी रिपोर्ट लिहायचे.

एकदा आष्टीला मीही सोबत गेले होते. एका शेतकऱ्याला थेट विचारलं, हे कपाशीचं नवं बियाणं घ्याल का?

"घेऊ की ताई. एवढ्या उन्हाचं आल्या तुम्ही."

मी लिहायला लागले, तर सरांनी हातानेच थांबवलं. दारी आलेल्या पाहुण्याला आपल्याकडे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही.

मग त्यांनी विचारलं, "शेजारी घेतील का हो तुमचे?"

"तो? न्हाई. नव्यावर त्याचा भरवसा बसत न्हाई."

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "शेजारी म्हणजे तोच. आता लिहा."

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सरांना बायपास सांगितली. लवकर करा म्हणाले.

"करू की. सीझन संपला की जाऊ."

बियाण्याच्या धंद्यात सीझन संपत नसतो. खरीप झाला की रब्बी, रब्बी झाली की पुढच्या खरिपाचा सर्व्हे. हे आम्हाला माहीत होतं. त्यांना तर होतंच.

मग आम्ही त्यांचीच विद्या त्यांच्यावर चालवली. आयती ठरलेली गोष्ट माणूस सहसा मोडत नाही, आमच्या धंद्यात याला डिफॉल्ट म्हणतात. म्हणून त्यांना न विचारता संभाजीनगरच्या हॉस्पिटलची तारीखच घेऊन टाकली.

सरांनी फोन करून ती शांतपणे रद्द केली. नंतर माझ्या टेबलाशी आले.

"डिफॉल्ट लावला होता ना ताई? चांगला होता. रिपोर्टमध्ये टाका, सॅम्पल हुशार निघालं म्हणून."

सगळे हसले. मीही हसले.

शेवटी एका दुपारी चहा पिताना मी विचारलं, "सर, तुमच्या वयाचा एखादा शेजारी असता, तर त्याने केली असती का बायपास?"

ते हसले नाहीत. कप हातात फिरवत बसले.

"न्हाई ताई. तो लय घाबरून राह्यला."

इतक्या वर्षांत एवढं खरं उत्तर आम्हाला कुणी दिलं नव्हतं.

आणि त्याचं काय करायचं, ते मला कळेना.

गिऱ्हाइकाची भीती कळली की कंपनी जाहिरात बदलते, दुकानदाराला समजावते, एखादी बॅग फुकट देते. मी सरांना काय देणार होते?

म्हटलं, "मी येते ना सोबत."

"या की," ते म्हणाले. "सीझन संपला की."

आत्ता त्यांच्या घरी बसून हे लिहितेय. येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी एकच सांगतायत, "तयार झाले होते हो ते. हा सीझन झाला की जाणारच होते."

मघाशी माझ्याकडे वळल्या. "हो ना ताई? तुम्हाला तर बोलले होते."

"हो वहिनी. जाणारच होते."

लेक पुण्याहून निघाली आहे. ती पोहोचली की आज संध्याकाळी अंत्यविधी होईल. येणाऱ्यांनी वहिनींना ऑपरेशनबद्दल काही विचारू नये. नुसतं जवळ बसावं.

सर, जड मनाने निरोप.